मदत हवी आहे: आगारात पाणी शिरतं, तिथेच चार्जिंग बसवतायत (तातडीचं)

पाऊलखुणा
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येते. गेल्या पावसाळ्यात आमच्या आगारात पाणी शिरलं आणि आता तिथेच ई-बसचं चार्जिंग येतंय. शुक्रवारी बैठक आहे. हवामान बदलापुढे बससेवा टिकवायची कशी, यावर मला दोन पानी टिपण द्यायचंय. जे अहवाल चाळले त्यात 'शाश्वत', 'हरित', 'सर्वसमावेशक' एवढंच. रात्री पाणी आलं तर पहाटेची पहिली गाडी कशी सुटणार, यावर अक्षर नाही. काय लिहू? कृपया नेमकं सांगा, वेळ अजिबात नाही.

निवृत्त_अभियंता
ताई, नेमकं उत्तर हवं असेल तर आधी माहिती द्या. गाड्या किती? पाणी नदीचं, नाल्याचं की गटार तुंबून उलटं आलेलं? चार्जर बसलेत की अजून कागदावर आहेत? आणि तुम्ही कोण, प्रशासन, ठेकेदार की नागरिक?

सरळरेघ
शहर वाढतंय तर बसवर पैसा घालवूच नका. मेट्रो करा. रस्त्यावर कितीही पाणी साचू दे, गाडी वेळेवर. माझा रोजचा अनुभव आहे.

शेवटचा_थांबा
@सरळरेघ, तुमची मेट्रो उन्नत असेल. चीनमधल्या झेंगझौ शहरात २० जुलै २०२१ ला एका तासात २०१.९ मिमी पाऊस झाला. भुयारी मेट्रोच्या ५ नंबरच्या मार्गावर पाणी शिरून १४ प्रवासी गेले. पाणी कुठून आलं माहितीये? मेट्रोच्याच यार्डाची भिंत फोडून. म्हणजे पुन्हा आगारच.

सरळरेघ
एका अपघातावरून मेट्रो वाईट ठरत नाही. बँकॉकमध्ये भुयारी स्थानकात उतरण्याआधी फुटपाथवरून काही पायऱ्या वर चढाव्या लागतात. २०११ च्या महापुरात तिथल्या भुयारी गाड्या चालू होत्या. तैपेईची मेट्रो २००१ च्या वादळात बुडाली, त्यांनीही धडा घेतला. नीट बांधली तर मेट्रोला तोड नाही.

पाऊलखुणा
अहो, मेट्रोचा विषयच नाहीये! ६४ गाड्या आहेत, सगळ्या रात्री आगारातच उभ्या असतात. पाणी मागच्या नाल्याचं. मी नागरिक प्रतिनिधी आहे. चार्जरची जोती बांधून झालीत, यंत्रं यायचीत. आता तरी सांगा.

निवृत्त_अभियंता
हे पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतंत तर मधले चार प्रतिसाद वाचले असते. असो. गेल्या वर्षीच्या पाण्याची भिंतीवर खूण असेलच. जोत्याची उंची त्या खुणेशी ताडून बघा. खूण वर असेल तर यंत्रं बसण्याआधी काम थांबवायला सांगा, नंतर कुणी ऐकणार नाही. रोहित्र, मुख्य पॅनेल आणि जनित्र यांचंही तेच. पंप ठेवले असतील तर ते कुठल्या विजेवर चालतात ते विचारा. पाणी आलं की वीज बंद करतात, मग त्याच जोडणीवरचा पंप बंद पडतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पंप सुस्थितीत होता आणि बुडाला.

कडुनिंब
पुराचंच काय घेऊन बसलात, उन्हाचं बघा. दहा अंशांनी तापमान वाढलं की एक किलोमीटर रूळ साधारण १२ सेंमी लांबू पाहतो, जागा मिळाली नाही की वाकतो. बसथांब्यांवर पत्र्याची छपरं आहेत, त्याखाली दुपारी म्हातारं माणूस उभं राहू शकत नाही. झाडं लावा, थांब्यांजवळ लावा. टिपणात हे हवंच.

पाऊलखुणा
@कडुनिंब, थांब्यांचं पटलं, एक परिच्छेद घेते. रूळ आमच्याकडे नाहीत.

हिरवा_दिवा
थोडं अवांतर. माझी ई-स्कूटर पार्किंगमध्ये रात्रभर चाकं बुडेपर्यंत पाण्यात होती. बॅटरी आयपी६७ आहे. चालू करू का?

निवृत्त_अभियंता
नका करू. चार्जिंगलाही लावू नका, सेवा केंद्रात उचलून न्या. आयपी६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही स्वच्छ, संथ पाण्यात. नाल्याचा गाळ आणि सहा-सात तास हे त्यात बसत नाही. धागाकर्तीनेही हे लक्षात ठेवावं, कारण 'बस वॉटरप्रूफ आहे' हे वाक्य बैठकीत नक्की येणार.

शेवटचा_थांबा
चार्जर उंच केले तरी गाड्या खालीच उभ्या राहणार ना? जपानमध्ये ऑक्टोबर २०१९ च्या वादळात नागानोच्या यार्डात शिंकान्सेनच्या (बुलेट ट्रेनच्या) १० गाड्या, म्हणजे १२० डबे बुडाले. सगळे भंगारात गेले. ते यार्ड पुराच्या नकाशात आधीपासून दाखवलेलं होतं! दोनच पावलं हवी होती: गाड्या हलवायच्या कधी आणि न्यायच्या कुठे. टिपणात पहिली ओळ हीच लिहा.

सरळरेघ
नकाशा असून यार्ड तिथेच बांधलं, मग आगारच दुसरीकडे न्या की.

शेवटचा_थांबा
वाढत्या शहरात ६४ गाड्यांची मोकळी जागा शुक्रवारपर्यंत तुम्ही देता का?

रात्रपाळी
मी बस चालवतो, २२ वर्षं झाली. तुम्ही सगळे गाड्या हलवा म्हणताय. रात्री दोन वाजता आगारात चालक किती असतात? आमच्याकडे चार, कधी पाच. बाकीचे घरी झोपलेले, आणि त्यांच्याही गल्लीत पाणी. एक गाडी उंचावर लावून परत यायला वीस मिनिटं धरा, म्हणजे चार चालक तासाला बाराच गाड्या काढणार. नाल्याचं पाणी एवढा वेळ थांबत नाही. इशारा आला की संध्याकाळची शेवटची फेरी संपल्यावर गाडी आगारात आणायचीच नाही, जवळच्या उंच रस्त्याला लावायची. पण तसा लेखी हुकूम लागतो. हुकूम नसताना मी गाडी रस्त्यावर ठेवली आणि काच फुटली, तर पैसे माझ्या पगारातून जातात. आणि आगार कोरडं राहिलं तरी पुलाखालच्या रस्त्याचं काय? पर्यायी रस्ता ठरवून वाहकाच्या हातात कागद द्या. दर पावसाळ्यात आम्हीच अंदाजाने वळवतो, प्रवासी भलत्या थांब्यावर भिजत उभे असतात.

कडुनिंब
दादा, हे कुठल्याच अहवालात वाचलं नव्हतं.

पाऊलखुणा
आत्ताच आगारातून आले. सुरक्षारक्षकाच्या खोलीच्या भिंतीवर गाळाची रेघ अजून आहे. पट्टीने मोजली, जमिनीपासून ८१ सेंमी. चार्जरचं जोतं ४५. फोटो काढलेत, पट्टी धरून.
@रात्रपाळी, दादा, तुमचा चार चालकांचा हिशोब नाव न देता टिपणात घेऊ का? आणि पाण्याचा इशारा तुम्हाला आज मिळतो तो कुणाकडून, किती वाजता? तेवढं आज रात्री सांगाल का, उद्या सकाळी छापायचंय.

रात्रपाळी
घ्या. इशारा कुणी देत नाही ताई. पहारेकरी नाल्याकडे बॅटरी मारून बघतो आणि आम्हाला उठवतो.