मदत हवी आहे : पेंटबॉलची बंदूक सकाळी शहाण्यासारखी, दुपारी पिसाळते

नमस्कार मंडळी. चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची केळीची शेती. हिवाळ्यात भरीत पार्ट्यांसाठी मांडव टाकला. लोक येतात, भरीत आणि कळण्याची भाकरी हाणतात, मग "आता काय?" म्हणत मोबाइल काढून बसतात. त्यावर तोड म्हणून शालकानं पुण्यात बंद पडलेल्या एका खेळाच्या जागेवरून सहा पेंटबॉल बंदुका (एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायच्या खेळातल्या), मुखवटे आणि चार सिलिंडर उचलून आणले. सोबत माहितीचा चिटोराही नाही.

फवारणी पंप खोलायची सवय असल्यानं एक बंदूक खोललीच. समजलं ते असं: वरच्या डब्यातून गोळी आपल्या वजनानं नळीच्या तोंडाशी उतरते. ट्रिगर ओढला की खटका सुटतो, स्प्रिंगच्या जोरानं आतली हातोडी व्हॉल्व्हच्या पिनवर आपटते आणि व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो. सुटलेल्या गॅसचे दोन वाटे होतात. एक बोल्टमधून पुढे जाऊन गोळी ढकलतो, दुसरा हातोडीला मागं लोटून परत खटक्यात अडकवतो. दारू नाही, ठिणगी नाही. चुकलं असेल तर सांगा.

अडचण अशी. सकाळी आठला सगळं ठीक चालतं. दुपारी पारा ४३ वर गेला की तीच बंदूक एवढ्या जोरात मारते की आमच्या गड्याच्या मांडीवर लिंबाएवढा काळानिळा डाग उठला. मध्येच गोळी नळीतच फुटते. भराभर झाडल्या तर बंदूक बर्फासारखी गार पडते, तोंडातून पांढरा धूर येतो आणि गोळी दहा पावलांवर गळून पडते. बिघाड आहे की उन्हाचा परिणाम?

दुसरं, गावातला वेल्डिंगवाला म्हणतो, "आण सिलिंडर, ऑक्सिजन भरून देतो." चालेल का? आणि जळगावहून येणाऱ्या एका जैन ग्रुपनं विचारलंय, गोळीचं टरफल कशाचं असतं?

सुटा पाना : काय भो, पहिले त्या वेल्डिंगवाल्याला हात जोड! ऑक्सिजन कधीच भरायचा नाही. आत तेलाचा अंश असला तर त्या दाबाला पेट घेतो, सिलिंडर हातात फुटेल. पंक्चरवाल्याकडेही जाऊ नको, त्याचा कॉम्प्रेसर शे-दीडशे पीएसआयला (हे दाबाचं माप) थांबतो.

तुझे सिलिंडर कार्बन डायऑक्साइडचे दिसतात. त्यात गॅस द्रवरूपात असतो आणि दाब तापमानावर ठरतो. २० अंशांना साधारण ८३० पीएसआय, ३० अंशांना हजाराच्या वर. ३१ च्या पुढे तर तो द्रव राहतच नाही, दाब सुसाट चढतो. आपल्या मे महिन्यात काय होत असेल ते बघ. म्हणून सिलिंडर वजन करूनच भरायचा, ठासून नाही, आणि बंद गाडीत किंवा उन्हात ठेवायचा नाही. फुटू नये म्हणून व्हॉल्व्हवर एक पातळ चकती असते, ती तुझ्या डोळ्यांदेखत उडेल. चाचणीची तारीख सिलिंडरवर कोरलेली असते, तीही बघून घे.

गार पडतं ते द्रवाची वाफ होताना उष्णता ओढली जाते म्हणून. दाब उतरतो, कधी द्रवच बंदुकीत शिरतो. दोन गोळ्यांमध्ये दम घे. दाबाच्या साध्या हवेचे ३००० किंवा ४५०० पीएसआयचे सिलिंडर येतात, त्यांना रेग्युलेटर असतो म्हणून वेग इतका हेलकावत नाही. पण ते भरायला पाणबुड्यांचा असतो तसला कॉम्प्रेसर लागतो.

टरफल जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य. त्यांना खरं सांगून टाक. उन्हात ते मऊ पडतं, दमटपणात फुगतं, म्हणून नळीत फुटतं. डबा सावलीत ठेव, आणि एक फुटली की नळी पुसल्याशिवाय दुसरी झाडू नको.

वेग मोजल्याशिवाय पाहुण्यांच्या हाती देऊ नको. सेकंदाला ३०० फूट ही वरची हद्द, बऱ्याच ठिकाणी २८० च ठेवतात. तेसुद्धा ताशी ३०० किलोमीटरच्या वर भरतं! वेगाचा स्क्रू मागं असेल तर तो स्प्रिंग आवळतो, बाजूला असेल तर गॅसची वाट अडवतो. दोन्हींची दिशा उलटी, अंदाजानं फिरवू नको. मोटरसायकलचा गॉगल चालत नाही, मुखवट्याची काच तडकलेली असेल तर तो फेकून दे.

(ही वस्तू मुळात अमेरिकेत झाडांवर आणि गुरांवर लांबून खूण करायला निघाली. पहिला खेळ १९८१ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या जंगलात झाला. त्या खूण करण्यावरूनच तिकडे तिला मार्कर म्हणतात.)

धागाकर्ता : भाऊ, उपकार झाले. सिलिंडर घरात पलंगाखाली सरकवले, आई ओरडतेय. तीन मुखवट्यांच्या काचांना चरे आहेत, ते बाजूला काढले. खेळ आता पावसाळ्यानंतरच. वेग मोजायचं यंत्र धुळे-जळगावकडे कुणाजवळ असेल तर कळवा, भरीत माझ्याकडून.