साताऱ्यातून आकाशाचे फोटो काढायचेत, आधी टेलिस्कोप घेऊ की ट्रॅकर?

शाहूपुरीकर: नमस्कार मंडळी. दिवाळीत बामणोलीला गावी होतो, रात्री लाईट गेली आणि अंगणातून जे आकाश दिसलं ते अजून डोक्यातून जात नाही. कृत्तिका वर आलेल्या, मोबाईलने काढायला गेलो तर नुसता काळा फोटो. घरी कॅनन १५००डी आणि सोबतची १८-५५ लेन्स पडून आहे. ४० हजार साठवलेत, त्यात टेलिस्कोप घ्यावा असं मनात आहे. कुणी ह्या वाटेने गेलंय का?

माणदेशी_रात्र: दादा, टेलिस्कोप आत्ता अजिबात घेऊ नका, हे कळकळीने सांगतोय कारण मी तेच केलं होतं. ऑनलाईन ७०० एमएमचा मागवला, स्टँड असा की फोकसच्या चाकाला हात लावला की चंद्र थरथरायचा, आणि कॅमेरा जोडला की नळी खाली झुकायची. वर्षभर तो कपाटावर होता. गणित साधं आहे, पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात, आणि ५०० ला फोकल लेंथने, म्हणजे लेन्सवरच्या एमएमच्या आकड्याने भागलं (तुमच्या कॅमेऱ्याला तो आकडा आधी १.६ ने गुणायचा) की साधारण तेवढे सेकंद, ताऱ्यांच्या रेघा न येता, शटर उघडं ठेवता येतं. १८ एमएमला १७ सेकंद मिळतात, ७०० ला अर्धा सेकंदसुद्धा नाही! अर्ध्या सेकंदात तेजोमेघाचा (अवकाशातला वायू-धुळीचा ढग) काय उजेड येणार.

माझी खरी सुरुवात झाली ती दहिवडीजवळ आमच्या रानात, जुना ट्रायपॉड आणि ५० एमएम १.८ लेन्स घेऊन. मृग नक्षत्राच्या तलवारीवर कॅमेरा रोखला, ४-४ सेकंदाचे दीडशे फोटो घेतले, म्हणजे सगळे मिळून १० मिनिटांचा उजेड, आणि लगेच झाकण लावून तेवढ्याच सेकंदाचे वीसेक काळे फोटो (डार्क म्हणतात, सेन्सरचा कचरा वजा करायला). घरी डीप स्काय स्टॅकरमध्ये टाकले (सगळे फोटो एकावर एक रचून एक करणारं सॉफ्टवेअर), फुकट आहे, आणि पडद्यावर तो गुलाबी ढग आला तेव्हा आईला झोपेतून उठवून दाखवला. तो उजेड १३०० वर्षांहून जास्त चालत आलाय हो. फोटो मात्र रॉ मध्येच (जेपेग न करता कॅमेऱ्याची कच्ची फाईल) काढा, आणि फोकस लाईव्ह व्ह्यूत तारा १० पट मोठा करून हाताने लावा, ऑटोवर भरवसा नको.

कृष्णाकाठ_सांगली: माणदेशीदादांशी सहमत, फक्त एक. चंद्र आणि गुरू-शनी आवडत असतील तर टेलिस्कोपच लागतो, त्यांना शटर फार वेळ उघडं ठेवावं लागत नाही. मी ६ इंची डॉब्सोनियनच्या (साध्या लाकडी बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, मोबाईल लावून चंद्राची विवरं काढते, सांगलीत गच्चीवरून, शहराच्या उजेडातही. पण आकाशगंगा नि तेजोमेघ हवे असतील तर पैसे ट्रॅकरवर घाला, म्हणजे ट्रायपॉडवर बसवून कॅमेरा ताऱ्यांच्या गतीने हळूहळू फिरवणारं यंत्र.

शाहूपुरीकर: ताई, मला आकाशगंगाच हवीय. मग कास पठार की चाळकेवाडी?

माणदेशी_रात्र: चाळकेवाडीला पवनचक्क्यांचे लाल दिवे रात्रभर उघडझाप करतात आणि वारा ट्रायपॉड हलवतो, मधल्या दांड्याला दगडाची पिशवी टांगावी लागते. कासला पावसाळ्यानंतर धुकं आणि दव, लेन्स अर्ध्या तासात ओली, वाटेत गवे असतात म्हणून एकट्याने जाऊच नका. माझं मत विचाराल तर माण-खटावला या, हवा कोरडी आहे. ट्रॅकर लावायचा तर त्याचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, म्हणून ध्रुवतारा दिसलाच पाहिजे, आपल्याकडे तो क्षितिजापासून फक्त साडेसतरा अंशांवर असतो, म्हणून उत्तरेला डोंगर-इमारत नसलेली जागा बघा, हे कुणी सांगत नाही आणि निम्मी रात्र वाया जाते. पण आपल्या अक्षांशाचा फायदाही आहे, वृश्चिकेची नांगी नि त्यामागचा आकाशगंगेचा गाभा इथून छान वर येतो, युरोपवाल्यांना तो क्षितिजाला टेकलेला मिळतो. मार्च-एप्रिलच्या अमावास्येला पहाटे तीनला उठायचं, वळीव सुरू व्हायच्या आधी.

कृष्णाकाठ_सांगली: आणि ते करताना ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ विसरू नका, दक्षिणेला २५ अंशांवर, ५० एमएमलाही गोल कापसाचा ठिपका येतो. ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था पुण्यात १९४४ पासून आहे, जमलं तर त्यांच्या आकाशदर्शनाला एकदा जाऊन या, आधी तारे ओळखता आले की कॅमेरा कुठे रोखायचा ते आपोआप कळतं.

शाहूपुरीकर: ठरलं, टेलिस्कोप रद्द. आधी ५० एमएम घेतो आणि येत्या अमावास्येला मृगावर दीडशे फोटो. माणदेशीदादा, तुमच्या रानात एक पाहुणा चालेल का? थर्मास मी आणतो.

माणदेशी_रात्र: या की. जेवायलाच या, बाजरीची भाकरी असते. टॉर्चला लाल कागद तेवढा लावून आणा.