मदत हवी आहे: ब्रुसेल्सची वीलेमान्स-स्यूपन्स ब्रुअरी

नमस्कार मंडळी. ब्रुसेल्सच्या जुन्या बाजारात बिअरच्या ग्लासाखाली ठेवायची पुठ्ठ्याची चकती मिळाली. कडा झिजल्यात, पण 'वीलेमान्स' हे नाव स्पष्ट वाचता येतं. ही ब्रुअरी (बिअरचा कारखाना) चालवणाऱ्या याच घराण्याने १८९५ मध्ये तिथलं मेट्रोपोल हॉटेल उघडलं. ब्रुअरी १९८८ साली बंद पडली. वास्तुविशारद आद्रियाँ ब्लॉमने बांधलेल्या तिच्या इमारतीत २००७ पासून 'वील्स' हे कलाकेंद्र आहे. आत शिरताच तांब्याची प्रचंड भांडी दिसतात. भंगारात गेली नाहीत, हेच नशीब! मला तर गलबलून आलं.

चकती कोणत्या दशकातली, हे कशावरून ओळखायचं? आणि फ्रेंच किंवा डच वाचणाऱ्या कोणी तिथल्या कामगारांच्या आठवणी वाचल्या असतील, तर कृपया सांगा. फोटो लगेच पाठवते.