मदत हवी आहे: एडीएस म्हणतं ५८, स्कॉलर ४१, ऑर्किड २२. एच-इंडेक्स लिहू तरी कुठला?

शून्यकाल
दीर्घिकांवर काम करणाऱ्या एका खगोलशास्त्रज्ञ बाईंच्या बढतीची फाइल करतोय. समितीला पेपरांची संख्या, सायटेशन्स (दुसऱ्या पेपरांत आलेले उल्लेख) आणि एच-इंडेक्स (निदान एच वेळा उद्धृत झालेले एच पेपर) हवाय. नासाची पेपर-सूची एडीएस, गुगल स्कॉलर आणि ऑर्किड हा संशोधकाचा ओळख-क्रमांक, तीन ठिकाणी तीन आकडे येतायत. फाइल उद्या संध्याकाळी द्यायचीय. खरा कुठला तेवढं सांगा, चर्चा नंतर करू.

लालसरक
एडीएसवर शोध कसा केलात? पूर्ण नाव की आद्याक्षर? डेटाबेस खगोलशास्त्रापुरता ठेवलात का? सगळे पेपर की फक्त रेफ्रीड (तज्ज्ञांनी तपासून छापलेले)? बाई एखाद्या मोठ्या सर्व्हेत (अनेकांनी मिळून केलेल्या आकाश-पाहणीत) आहेत का?

शून्यकाल
आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षर. सगळे टाकतात तसंच. सर्व्हेत आहेत, पण त्याचा इथे काय संबंध?

लालसरक
मग ५८ खोडा. तेच आडनाव नि तेच आद्याक्षर असलेली सगळी मंडळी त्यात घुसली आहेत. पूर्ण नाव टाकूनही भागत नाही, कारण नुसत्या आद्याक्षराने छापलेले पेपरही एडीएस सोबत आणतं. 'ऑथर'च्या आधी बरोबरीचं चिन्ह दिलं की ते थांबतं, पण मग आद्याक्षरावर छापलेले त्यांचे स्वतःचे पेपरही गळतात. म्हणून शोध सैल ठेवा, डेटाबेस खगोलशास्त्र निवडा, आणि संस्था व सहलेखक बघत हाताने निवडा. निवडलेले लायब्ररीत टाका, लायब्ररी उघडा, एक्स्प्लोअरमधून सायटेशन मेट्रिक्स. तक्त्यात दोन रकाने दिसतील, एकूण आणि रेफ्रीड. रेफ्रीडचा उचला.

२२ कमी आहे कारण ऑर्किडच्या शोधात जोडलेलेच पेपर येतात. जुने बहुधा जोडलेच नसतील. ४१ जास्त, कारण स्कॉलर प्रबंध, परिषदेतले सारांश, अहवाल सगळ्यांतली सायटेशन्स धरतं.

मंदाकिनी
एच कशाला कवटाळून बसता? त्याच तक्त्यात टोरी हा निर्देशांक असतो, २०१२ साली पेपे आणि कर्ट्झ यांनी मांडलेला. स्वतःची सायटेशन्स वगळतो, लेखकसंख्येने भागतो, आणि सायटेशन देणाऱ्या पेपरात किती संदर्भ आहेत त्यानेही भागतो. ४०० संदर्भांच्या आढावा लेखातलं एक नाव आणि २० संदर्भांच्या पेपरातलं एक नाव सारखं कसं मोजायचं? टोरीचं वर्गमूळ काढून कारकिर्दीच्या वर्षांनी भागलं की रिक हा दुसरा निर्देशांक.

कुंपणावरचा
समितीने एच मागितलाय, टोरी नाही. दहातल्या नऊ सदस्यांना तो समजावण्यातच बैठक संपेल. सर्व्हेवाल्यांसाठी एचच्या शेजारी फक्त नॉर्मलाइज्ड (लेखकसंख्येने भागलेली) सायटेशन्स लिहा. १०० लेखकांच्या पेपरला ५०० सायटेशन्स, वाट्याला ५. दोघांच्या पेपरला ४०, वाट्याला २०. स्लोन सर्व्हेचा २००० सालचा तांत्रिक आढावा शंभराहून जास्त लेखकांचा. शेख्टरचा १९७६ चा दीर्घिकांच्या दीप्तिफलनावरचा (किती तेजाच्या दीर्घिका किती, यावरचा) पेपर एकट्याचा. दोन्ही अफाट उद्धृत होतात, पण एचच्या हिशेबात दोन्ही एकेक नग!

मंदाकिनी
म्हणजे माझाच मुद्दा. फक्त अर्ध्यावर थांबलात.

कुंपणावरचा
पहिल्या लेखकाचे पेपर वेगळे दाखवा, तेवढं पुरे. नावाआधी टोपीचं चिन्ह (^) दिलं की तेवढेच येतात.

मंदाकिनी
आणि विद्यार्थ्यांना पहिलं नाव देणाऱ्या मार्गदर्शकाचं काय? टोपी लावलीत की त्यांची दहा वर्षं गायब. एडीएसमधलं पॉस (लेखकयादीतली जागा ठरवणारं फंक्शन) वापरून पहिल्या तीन जागा धरा, निदान.

ध्रुव_मत्स्य
ऑर्किड काढणं सोपं आहे. मोफत असतं, सोळा अंक येतात, शेवटी कधीकधी एक्स असतो, ते तपासणी-चिन्ह आहे, चूक नव्हे.

शून्यकाल
ऑर्किड आहेच हो! @लालसरक, लायब्ररी केली. पण सुरुवातीची सहा वर्षं रिकामी दिसतायत. तेव्हा त्यांचं आडनाव वेगळं होतं, ते सांगायचं राहिलं.

लालसरक
हे पहिल्याच ओळीत हवं होतं. दोन्ही आडनावं मध्ये 'ऑर' टाकून शोधा, जुने पेपर त्याच लायब्ररीत घाला.

शिवाय स्व-सायटेशन्स विचारतील. तक्त्यातला आकडा म्हणजे तुमच्या यादीतल्या पेपरांनी यादीतल्याच पेपरांना दिलेली सायटेशन्स. एखादा पेपर यादीतून सुटला असेल तर त्याने दिलेली परकी धरली जातात. पडताळायला 'सायटेशन्स'च्या कंसात लायब्ररी द्या आणि पुढे वजा चिन्हाने दोन्ही नावं वगळा. मात्र तिथे उद्धृत करणारे पेपर मोजले जातात, सायटेशन्स नव्हे. एका पेपरने त्यांचे पाच पेपर उद्धृत केले तरी एकच. हे दोन आकडे एका ओळीत शेजारी ठेवू नका.

नभोनील
अवांतर: एच कधी कमी होत नाही, हर्शने २००५ मध्ये मांडला तेव्हापासून हीच बोंब. संशोधक दहा वर्षं झोपला तरी वाढतो.

मंदाकिनी
+१. म्हणूनच एचला वर्षांनी भागलेला एम असतो.

शून्यकाल
आला. रेफ्रीड एच ३४. पण एक पेपर दोनदा दिसतोय, एकदा अर्काइव्हचा (छपाईपूर्व प्रत), एकदा जर्नलचा. दोन्हींना वेगवेगळी सायटेशन्स.

लालसरक
शीर्षक बदललं असेल, म्हणून जुळणी चुकली. सायटेशन्स दोन नोंदींत विभागली गेलीत, त्यामुळे एच खरा ३५ सुद्धा निघू शकेल. एडीएसच्या दुरुस्ती-फॉर्मवर दोन्ही बिबकोड (नोंदींचे एडीएसमधले संकेतांक) पाठवा, उद्यापर्यंत होईल असं नाही. तोवर फाइलमध्ये ३४ लिहा, शेजारी मोजल्याची तारीख आणि 'एडीएस, रेफ्रीड, दोन्ही आडनावं' एवढं टाका. ४१ कुठेही नको.