काळजी 'करणे', 'वाटणे' की 'लागणे'? प्रश्नावलीत अडलेला शब्द

शेवंती
एका आरोग्य सर्वेक्षणासाठी जीएडी-७ ही, सततच्या काळजीचा आजार (अँक्झायटी) ओळखायची प्रश्नावली आमच्या भागातल्या बोलीत बसवायचं काम माझ्याकडे आलंय. २००६ साली अमेरिकेत तयार झालेली, सात प्रश्नांची. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला ते विचारायचं, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. १० किंवा जास्त झाले की पुढच्या तपासणीला पाठवायचं.

गाडी तिसऱ्या प्रश्नावर अडली. मी लिहिलं होतं, 'वेगवेगळ्या गोष्टींची फार काळजी करता का?' कागदावर काहीच खटकलं नाही. दुसऱ्या बाईंकडून उलट भाषांतर, म्हणजे माझ्या मराठीवरून परत इंग्रजी, करून घेतलं, तेही मुळाशी जुळलं. मग चाचणीसाठी एका वाडीवर गेलो. एक बाई ज्वारी पाखडत होत्या. प्रश्न ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं. "म्हंजे काय? दोन पोरी लग्नाच्या हायत. म्या न्हाई काळजी करायची तर कुणी?" सांगताना मान ताठ होती. नियमाप्रमाणे ३ गुण.

शेजारी एकट्या राहणाऱ्या आजी. दोन्ही मुलगे गेलेले. त्यांना तेच विचारलं. म्हणाल्या, "काळजी करायला आता ऱ्हायलंय कोण?" नियमाप्रमाणे ०. त्या रात्र रात्र ओट्यावर बसून असतात हे सगळ्या वाडीला माहीत आहे. तो शून्य लिहिताना मला फार वाईट वाटलं.

शब्द सुचवा, कळकळीची विनंती आहे.

अर्धविराम
'चिंता' लिहा. काळजी घेताही येते आणि करताही येते, म्हणून घोटाळा होतो. चिंता कुणी 'घेत' नाही. ती मनाला जाळते एवढा एकच अर्थ तिला आहे, चिता आणि चिंता यांच्यात फक्त एका अनुस्वाराचं अंतर आहे असं सुभाषितकार म्हणून गेलेत. नेमका शब्द घरात असताना बाहेर शोधायचं कारण नाही.

भीमाकाठ
एकच अर्थ कसा? लहानगा नारायण अडगळीत लपून बसला आणि आईने विचारल्यावर 'चिंता करितो विश्वाची' म्हणाला, ही समर्थांची गोष्ट आपण सगळे ऐकत आलो. तिथे चिंता हा आजार आहे का? आपल्याकडे दुसऱ्यासाठी जीव तुटणं हे मोठेपणाचंच लक्षण मानलंय. शब्द बदलून ते जाणार नाही.

वऱ्हाडी पान
आमच्याकडे 'घोर' म्हणतात. 'जिवाले घोर लागला.' हा चांगल्या अर्थाने कोणी वापरत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा प्रकल्प झाला, शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यातच. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गावातल्याच माणसांनी घरोघरी जाऊन बोलल्याशिवाय हे झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे. आणि गावात बोलायचं तर 'चिंताग्रस्तता' वगैरे चालत नाही.

अर्धविराम
मी 'चिंता' म्हटलं, 'चिंताग्रस्तता' नाही. शिवाय 'घोर' साताऱ्या-सांगलीत कळेल, पण मुंबईत वाढलेल्या मुलीला? प्रमाण शब्द असतो तो यासाठीच.

औषधाची चिठ्ठी
मी प्राथमिक आरोग्य केंद्रात अकरा वर्षं आहे. सरळ 'टेन्शन' लिहा. सगळ्यांना कळतं.

अर्धविराम
मराठी प्रश्नावलीत 'टेन्शन'? मग भाषांतर कशाला करायचं?

औषधाची चिठ्ठी
माणूस बोलावा म्हणून. माझ्यासमोर आजवर एकही माणूस 'मला चिंता आहे' म्हणाला नाही. बायका म्हणतात, "डोस्कं गरगरतंय, छातीत धडधडतंय, टेन्शन हाय." तो शब्द आता त्यांचा आहे, तुमचा-माझा परवाना त्याला लागत नाही. फक्त एक अडचण सांगते. पुरुष 'टेन्शन' म्हणतात तेव्हा बहुधा कर्ज, कोर्टकचेरी, भाव. घरात कुणाचं आजारपण असेल तर तेसुद्धा 'काळजी' म्हणतात. म्हणजे एका शब्दाने दोन्ही पकडता येणार नाहीत.

मांडवीपार
गोव्यातून लिहिते. आमच्या कोंकणीत हा गुंता होतच नाही. मनाला लागतो तो 'हुस्को' आणि निगा राखायची ती 'जतनाय'. 'हुस्को करूं नाका, जतनाय घेयात.' दोन वेगळे शब्द. मराठीत 'जतन' वस्तूंपुरतं उरलं, म्हणून सगळा भार एकट्या काळजीवर पडला असं मला वाटतं.

दूरदेशी
मी सार्वजनिक आरोग्य शिकलो तेव्हा झिंबाब्वेचं उदाहरण मनात घर करून राहिलं. शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणजे फार विचार करत राहणं. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल नव्वदच्या दशकात हरारेत काम करत होते. तिथल्या रुग्णांच्या तोंडच्या शब्दांतूनच १४ प्रश्नांची शोना प्रश्नावली उभी राहिली. परकी यादी आणून तिचं भाषांतर केलं नाही. पुढे तिथलेच मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याच्या आवारात बाकं टाकली आणि त्यांवर वस्तीतल्या आज्या बसवल्या, ऐकून घ्यायला. हरारेतल्या २४ दवाखान्यांत ५७३ लोकांवर चाचणी झाली, २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले. आज्यांशी बोललेल्यांचा त्रास नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्ट कमी झाला होता. पटेल त्याआधी, १९९६ मध्ये, गोव्यात 'संगथ' ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था सुरू करणाऱ्यांपैकी होते, मांडवीपार यांना माहीत असेलच.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७७ मध्ये याच चुकीवर बोट ठेवलं होतं. एका समाजात घडलेला आजाराचा साचा दुसऱ्या समाजावर ठेवायचा आणि माणसं त्यात बसली की साचा खरा ठरला असं मानायचं. शेवंतीताई, तुमच्या उलट भाषांतरात नेमकं हेच झालं. वाक्य जुळलं, पण आजींचं दुःख गळून गेलं.

आपल्याकडचा 'कुफुंगिसिसा' कोणता असेल?

भीमाकाठ
'मनाला लावून घेणं'! आमची आत्या काकांच्या जाण्यानंतर वाळत गेली तेव्हा सगळे हेच म्हणायचे, "तिनं लई मनाला लावून घेतलंय." आजार कुणी म्हटलं नाही. दवाखान्यातही कुणी नेलं नाही.

शेवंती
भीमाकाठ, हे वाचून थांबले. आजींना असं विचारलं असतं तर कदाचित त्या बोलल्या असत्या. काळजीच्या क्रियापदांचीही यादी केली आज. घेणे, करणे, वाटणे, असणे, लागणे, लागून राहणे. त्रास फक्त 'लागून राहणे'मध्ये ऐकू येतो. 'काळजी लागून राहते आणि मनातून जात नाही' असं केलं तर? पण मग ते दुसऱ्या प्रश्नाच्या अंगावर जातं, तिथे काळजी थांबवता न येण्याबद्दलच विचारलंय.

पाटीवरचा
मूळ शब्दाकडे कुणी पाहिलंच नाही. काळजी ही काळजातून आली, म्हणून ती बोचते. काळजात चर्र होतं, काळजाचं पाणी होतं. मेंदूशी हिचा संबंध नाही, हे संशोधकांनी ध्यानात घ्यावं.

अर्धविराम
काळीज म्हणजे हृदय हे कवींचं. खाटकाकडे कलेजी मागा, यकृत मिळेल. अमरकोशातही यकृताला 'कालखंड' म्हटलंय.

पाटीवरचा
पण 'काळजाचा तुकडा' म्हणताना कुणाच्या मनात यकृत नसतं. लोकांनी ज्याला काळीज म्हटलं तेच काळीज.

मांडवीपार
यावरून आठवलं. जुन्या पत्रांत शेवटी 'इकडील काळजी नसावी' असायचं ना? त्यात दोन्ही अर्थ एकत्र दिसतात.

वऱ्हाडी पान
माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते. दर महिन्याला पोस्टकार्ड यायचं आणि आजीला वाचता येत नसल्याने पोस्टमनच ओसरीवर बसून वाचून दाखवायचा. बाकी मजकूर ती ऐकून घ्यायची, पण 'काळजी नसावी' आलं की मगच चहाला उठायची. संपाच्या वर्षी, १९८२ मध्ये, एका कार्डात ती ओळ नव्हती. आजीने पोस्टमनला ते तीनदा वाचायला लावलं. आणि त्याच रात्रीच्या गाडीने काकांना मुंबईला पाठवलं.

भीमाकाठ
आमच्या घरच्या पत्रांत 'चिंता नसावी' असायचं. सोलापूरकडे तसंच होतं की फक्त आमच्याकडे?