15-2 चे लायन्स पहिल्याच प्लेऑफ सामन्यात बाहेर, 14 जिंकलेले व्हायकिंग्ज पाचवे: हे गणित काय आहे?

जीरावन_जास्त:
अमेरिकन फुटबॉलची लीग एनएफएल, तिच्यातल्या डेट्रॉइट लायन्सचा 2024 चा सीझन पहिल्या आठवड्यापासून बघायला घेतलाय आणि तीन ठिकाणी गाडी अडते. रेकॉर्ड 15-2 (15 जिंकले, 2 हरले), गुण केले 564, दिले 342, आणि प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात घरच्या मैदानावर वॉशिंग्टनकडून 45-31 अशी हार. हे निव्वळ नशीब म्हणायचं का? दुसरं, मिनेसोटा व्हायकिंग्ज 14-3, तरी सीड (प्लेऑफमधला क्रम) पाचवा. 10-7 वाले टँपा बे आणि रॅम्स त्यांच्या वर. आयपीएलच्या टेबलात असं होऊच शकत नाही. तिसरं, पुढचा सीझन इंदुरात बसून लाइव्ह बघायचा तर वेळा कशा लावायच्या? तोच रविवारचा सामना कधी साडेदहाला दिसतो, कधी साडेअकराला.

नवलखा_कट्टा:
दुसऱ्या प्रश्नापासून घेऊ, तो सुटला की बाकीचं सोपं होतं.

एनएफएलचं पॉइंट टेबल एक नाही, आठ आहेत. 32 संघ, एएफसी आणि एनएफसी अशा दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत चार-चार संघांच्या चार डिव्हिजन. कॉन्फरन्समधून सात संघ प्लेऑफला जातात. चार डिव्हिजन-विजेते सीड 1 ते 4 आपसात वाटून घेतात, उरलेल्यांतले उत्तम तीन वाइल्ड कार्ड म्हणून 5 ते 7. म्हणजे डिव्हिजनमध्ये दुसरा आलेला संघ कितीही सामने जिंको, पाचव्याच्या वर जात नाही. व्हायकिंग्ज आणि लायन्स दोघंही एनएफसी नॉर्थमधले, तिथेच ते अडकले.

दोघंही 14-2 असताना शेवटच्या आठवड्यात, 5 जानेवारी 2025 ला, समोरासमोर आले. लायन्सनी 31-9 ने मारलं, त्यांच्या जमीर गिब्सचे एकट्याचे चार टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं). जिंकणाऱ्याला पहिला सीड, एक आठवडा सुट्टी आणि पुढचे सामने घरी. हरणाऱ्याला पाचवा सीड आणि दुसऱ्याच्या दारात जाणं. व्हायकिंग्ज पूर्ण सीझनमध्ये फक्त तीन सामने हरले, दोन लायन्सकडून, एक रॅम्सकडून. आणि प्लेऑफला गाठ पडली पुन्हा रॅम्सशीच, 27-9 ने हरून बाहेर. याहून वाईट उदाहरण 2010 चं: सिॲटल 7-9 असून डिव्हिजन जिंकलं म्हणून घरी खेळलं आणि 11-5 च्या न्यू ऑर्लिन्सला 41-36 ने हरवलं.

गंमत म्हणजे हा सीडिंगचा नियम बदला असा प्रस्ताव 2025 मध्ये खुद्द लायन्सनीच दिला होता. पाठिंबा दिसेना म्हणून मे महिन्यात मागे घेतला.

आयपीएलची सवय आणखी एका बाबतीत सोडा. बरोबरी झाली तर तिकडे नेट रनरेट; इकडे एका डिव्हिजनमधले दोन संघ असतील तर आधी आपसातले सामने, मग डिव्हिजनमधला रेकॉर्ड, मग दोघांनी खेळलेले समान प्रतिस्पर्धी, मग कॉन्फरन्समधला रेकॉर्ड. गुणांचा फरक यादीत फार खाली येतो. लायन्सचा तो +222 फरक दिसायला झकास, कामाचा शून्य.

चौथा_डाऊन:
पहिल्या प्रश्नाला नशीब हे उत्तर नाही. तो सामना ऑक्टोबरपासूनच हातातून सुटत होता.

बचावफळीच्या टोकाचे खेळाडू बघा. मार्कस डेव्हनपोर्ट तिसऱ्या आठवड्यात सीझनभरासाठी गेला. सहाव्या आठवड्यात डॅलसला 47-9 ने धुतलं त्याच सामन्यात एडन हचिन्सनचा पाय मोडला. पाच सामन्यांत साडेसात सॅक होते त्याचे (सॅक म्हणजे क्वार्टरबॅकला, पास फेकणाऱ्याला, पास टाकायच्या आधीच पाडणं). दोन्ही टोकं गेल्यावर चार जणांच्या दबावाने क्वार्टरबॅक हलेना. मग बचावाचा प्रशिक्षक ॲरन ग्लेनला ब्लिट्झला जास्तीची माणसं पाठवावी लागली. जास्त पाठवली की मागे प्रत्येक रिसीव्हरवर (पास झेलणाऱ्यावर) एकेकटा गडी उरतो, त्याची पाठ क्वार्टरबॅककडे असते, आणि पळणाऱ्या क्वार्टरबॅकला मधलं मैदान मोकळं मिळतं. 15 व्या आठवड्यात बफेलोच्या जॉश ॲलनने हेच केलं, पासवर दोन आणि स्वतः धावून दोन टचडाउन, बफेलो 48-42 ने जिंकलं. त्याच दिवशी लायन्सच्या बचावाच्या लाइनमधल्या अलिम मॅकनीलचा गुडघा गेला आणि कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा) कार्लटन डेव्हिसचा जबडा मोडला. वॉशिंग्टनचा जेडन डॅनियल्स त्याच घडणीचा क्वार्टरबॅक. त्याने 299 यार्ड पास केले.

नोव्हेंबरच्या ट्रेड डेडलाइनला (खेळाडूंच्या अदलाबदलीचा शेवटचा दिवस) टोकाचाच खेळाडू झडेरियस स्मिथ आणला, पण एका माणसाने दोन टोकं भरत नाहीत.

आक्रमणही त्या रात्री बिघडलं, ते झाकून चालणार नाही. लायन्सचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफचे अख्ख्या सीझनमध्ये 12 इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास), त्या एका रात्रीत 3, वर एक फंबल (हातातून सुटलेला चेंडू). शिवाय रिसीव्हर जेमिसन विल्यम्सकडून पास टाकून घ्यायची एक युक्ती अंगलट आली. पाच वेळा चेंडू देऊन टाकल्यावर कुठलाही संघ वाचत नाही.

सराफा_दोन_वाजता:
वेळांचं सरळ आहे. घड्याळ आपलं नाही, त्यांचं बदलतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळ एक तास मागे जातं. त्याआधी पूर्व किनाऱ्याच्या वेळेत साडेनऊ तास मिळवा, त्यानंतर साडेदहा.

रविवारी दुपारी 1 चा सामना आपल्याकडे रात्री 10:30, नोव्हेंबरपासून 11:30. 4:25 चा मध्यरात्रीनंतर 1:55, मग 2:55. रात्री 8:20 चा म्हणजे आपला सोमवार पहाटे 5:50, मग 6:50. त्यांचा सोमवारचा सामना आपल्या मंगळवारी उजाडतो आणि गुरुवारचा शुक्रवारी. अलार्म लावताना सगळे इथेच चुकतात, तारीख एक दिवस पुढची धरा. लायन्सच्या चाहत्यांसाठी अपवाद थँक्सगिव्हिंगचा, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार: डेट्रॉइट त्या दिवशी घरीच खेळतं, 2024 पर्यंत 12:30 ला, 2025 मध्ये 1 ला, म्हणजे इंदुरात गुरुवारीच रात्री 11 किंवा 11:30. सुपर बोल सोमवारी पहाटे 5 ला.

सामना तीन तासांच्या आसपास चालतो. हाफटाइम जेमतेम पाव तासाचा, तेवढ्यात राजवाड्याहून सुद्धा सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन गराडू (तळलेला कंद) खाऊन परत येणं होत नाही, आधीच आणून ठेवा. सकाळच्या सामन्याला मात्र पोहे आपल्या वेळेवर मिळतात.

जीरावन_जास्त:
हे भारी झालं. फक्त एक: जखमी झालेला खेळाडू परत येणार की नाही हे बघणाऱ्याला आधी कसं कळावं? लायन्सचा लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला) ॲलेक्स अँझालोन 11 व्या आठवड्यात हात मोडून गेला आणि 18 व्यात अचानक खेळताना दिसला.

चौथा_डाऊन:
अचानक नाही. संघात 53 जण. दुखापत लांबणारी असेल तर खेळाडूला इन्जर्ड रिझर्व्हवर टाकतात, जागा मोकळी होते, पण मग त्याला किमान चार सामने मुकावे लागतात. परत सरावाला आणला की 21 दिवसांची खिडकी सुरू होते. तेवढ्यात 53 मध्ये घ्या, नाहीतर तो सीझनपुरता गेला. नियमित सीझनमध्ये अशी परती आठ जणांनाच, म्हणून बेंचवरच्या माणसावर कुणी ती खर्च करत नाही. ‘सरावाला परतला’ अशी बातमी दिसली की मोजायला लागा.

आठवड्यातल्या छोट्या दुखापतींसाठी बुधवार ते शुक्रवारचा रिपोर्ट बघा. बुधवारी सराव नाही म्हणजे बऱ्याचदा ज्येष्ठांची विश्रांती असते, त्यावरून घाबरू नका. शुक्रवारी सराव नाही ही खरी वाईट खूण. सामन्याच्या 90 मिनिटं आधी न खेळणाऱ्यांची पक्की यादी येते, म्हणजे साडेदहाच्या सामन्याला आपल्याकडे रात्री 9.

नवलखा_कट्टा:
वर एक जोडतो. पुढच्या सीझनचे प्रतिस्पर्धी वेळापत्रक यायच्या कितीतरी आधी ठरलेले असतात, तक्ता आजच करता येईल. सहा सामने डिव्हिजनमध्ये, चार आपल्याच कॉन्फरन्सच्या एका डिव्हिजनशी, चार समोरच्या कॉन्फरन्सच्या एका डिव्हिजनशी, आणि तीन गेल्या वर्षी तुमच्याच नंबरावर आलेल्यांशी. लायन्स 2023 मध्ये डिव्हिजनमध्ये पहिले आले, म्हणून 2024 मध्ये टँपा बे, डॅलस आणि बफेलो त्यांच्या वाट्याला आले. तिघंही आपापल्या डिव्हिजनचे विजेते. सीझनमधल्या दोन्ही हारी याच तिघांतल्या दोघांकडून, आणि दोन्ही घरी. बाहेर ते 8-0 होते.

जीरावन_जास्त:
म्हणजे तक्त्यात ते तीन सामने लाल पेनाने. 10:30 आणि 11:30 चे दोन रकाने वेगळे करतो, तारीख आपली धरून.