सभागृहातील ॲम्प्लिफायर : दुरुस्ती की नवी खरेदी?

सचिव, अ-१०१ : सर्व सभासदांस नमस्कार. काल हरिपाठाच्या वेळी सभागृहातील आवाज खरखरत होता. स्पीकर फाटले असावेत, असे काहींचे म्हणणे आहे. महात्मा गांधी रोडवरील एका दुकानातून संपूर्ण नव्या संचाचे दरपत्रक आणले आहे. गणेशोत्सवापूर्वी निर्णय व्हावा, म्हणून मते कळवावीत.

ब-४०३ : सचिवसाहेब, मी स्पीकरजवळच बसलो होतो. अभंगाचा चरण हळू आवाजात सुरू झाला की शब्द घासल्यासारखे येत, आणि टाळांचा गजर वाढला की आवाज स्वच्छ होई. स्पीकरचा पडदा फाटला असता तर नेमके उलट घडले असते. दोष ॲम्प्लिफायरमध्ये, म्हणजे स्पीकरला जाणारा संकेत मोठा करणाऱ्या यंत्रात आहे. का, ते कळण्यासाठी ॲम्प्लिफायरचे वर्ग पाहू.

‘ए’ वर्गाच्या ॲम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टरमधून (संकेत मोठा करणाऱ्या घटकातून) आवाजाच्या लहरीच्या पूर्ण आवर्तनात प्रवाह वाहतो. आवाज निर्मळ, पण शांततेतही यंत्र तापते आणि कार्यक्षमता तत्त्वतःसुद्धा ५० टक्क्यांपुढे जात नाही. ‘बी’ वर्गात दोन ट्रान्झिस्टर लहरीचे दोन अर्धे भाग वाटून घेतात, त्यामुळे ही मर्यादा ७८.५ टक्क्यांपर्यंत चढते. मात्र सिलिकॉन ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय जागा होत नाही, म्हणून एकाचे काम दुसऱ्याकडे जाताना लहर क्षणभर तुटते. मोठ्या आवाजात ही तूट लपते, हळू आवाजात कानाला टोचते. आपल्या ‘एबी’ वर्गाच्या यंत्रात दोघांनाही थोडा बायस प्रवाह देऊन जागे ठेवलेले असते. काल यंत्र अर्धा तास नुसते चालू असूनही हीटसिंकची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाची) पाती गार होती. पूर्वी ती कोमट लागत. बायसच गेला असावा.

क-२०२ : काका, ‘डी’ वर्गाचा डिजिटल ॲम्प्लिफायर घेतला तर हा प्रश्नच राहणार नाही ना?

ब-४०३ : ‘डी’ म्हणजे डिजिटल नव्हे, ते क्रमाने आलेले अक्षर आहे. त्यात ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू-बंद होतात, आवाजाच्या चढउतारानुसार स्पंदांची रुंदी बदलते आणि शेवटी कॉइल व कपॅसिटरचे फिल्टर त्यातून मूळ लहर गाळून घेते. कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणून तो हलका आणि कमी तापणारा असतो. पुढे घ्यायचा झाल्यास अवश्य घ्यावा. मात्र दरपत्रकातील पीएमपीओच्या (क्षणभराच्या कमाल शक्तीच्या) आकड्यावर जाऊ नये, ८ ओहमच्या स्पीकरवर आरएमएस (सतत मिळणारी शक्ती) किती वॅट, हे लेखी मागावे.

तूर्त बायसचा प्रीसेट, म्हणजे तो प्रवाह कमीजास्त करण्याचा छोटा स्क्रू, तपासून घेऊ. रविवारी सकाळी १० वाजता मी मल्टीमीटर घेऊन येतो. तोवर झाकण कोणीही उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ विद्युतभार राहतो.